रविवारची फेरी

ती गेली त्या सकाळी तिचा फोन त्याच्या खिशात होता. नर्सने पलंगाजवळच्या वस्तू एका पिशवीत भरून दिल्या होत्या. चष्मा, रुमाल, चार्जर, लॅपटॉप. फोन तेवढा त्याने काढून खिशात टाकला. दवाखान्याच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून तो कागदावर सही होऊन यायची वाट बघत होता, तेवढ्यात फोन वाजला. लाँड्रीवाल्या बाई होत्या.

"ताई, पावती कोरी निघतेय हो. दारात सहा माणसं उभी आहेत."

"मी बोलतोय," तो म्हणाला.

"फुंकरकाका? तुम्ही तर तुम्ही. सांगा काय करू."

पंधरा वर्षं तो हेच करत आला होता. त्याच्या तोंडून आपोआप उत्तर गेलं. "कागदाचं रीळ आज बदललंत का?"

"बदललं की, आत्ताच."

"उलटं बसलंय. नखाने ओरखडा काढून बघा. ज्या बाजूला काळी रेघ उठेल ती बाजू वर ठेवा."

पलीकडे थोडी खुडबूड झाली. मग प्रिंटरची करकर ऐकू आली. "आली बाई एकदाची. ताईंना सांगा, काम झालं म्हणून."

"सांगतो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मग सहीचा कागद आला.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्यांना कळली. लाँड्रीवाल्या बाई तशाच घरी आल्या. सांत्वनाचं वगैरे काही बोलल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "अहो, तेव्हाच सांगायचं ना. मी मेली त्या रिळाचं काय घेऊन बसले होते."

"दारात सहा माणसं होती ना," तो म्हणाला.

त्यावर बाई रडल्या. तो रडला नाही. दिवसभरात एक तरी काम मार्गी लागलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

धंदा दोघांचा होता. ती प्रोग्रॅम लिहायची आणि तो तारा जोडायचा. शहरातल्या तेवीस दुकानांत तिचाच प्रोग्रॅम चालायचा: लाँड्री, चष्म्याचं दुकान, दातांच्या डॉक्टरीणबाई, किल्ल्या बनवणारा, घड्याळजी, दोन छापखाने, आणखी अशीच. गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, पावती छापायची, काम झालं की गिऱ्हाइकाला फोनवर निरोप पाठवायचा, इतकंच त्या प्रोग्रॅमचं काम. पण दुकानदाराचा जीव त्यात अडकलेला असतो. ती फोनवर बोलून गाडी रुळावर आणायची आणि जिथे हात लावल्याशिवाय भागायचं नाही तिथे हा सायकल काढायचा. प्रिंटर कसलाही बिघडो, हा आधी झाकण उघडून जोरात फुंकर मारायचा, आणि निम्मे प्रिंटर तेवढ्यावरच सुरू व्हायचे. म्हणून तो फुंकरकाका. ती म्हणायची, "सगळ्या शहरात माझा नवरा हवेवर पोट भरतो."

रविवारी सकाळी चहा झाला की ती दुसरा कप घेऊन मागच्या खोलीत जायची. जाताना म्हणायची, "दुकानांची फेरी मारून येते." खुर्चीतून न उठता तेवीस दुकानांची फेरी. दोन तास लागायचे. हा बाहेर भाजी चिरत कुरकुरायचा, "आज दुकानं बंद असतात. बंद दुकानात काय बघायचंय?"

"म्हणूनच तर," ती आतून म्हणायची.

त्याने पुढे कधी विचारलं नाही. सगळं ठीक आहे ना, एवढं बघून येत असेल, असं त्याने धरलं होतं. माणूस झोपायच्या आधी कड्या बघून येतो तसं.

ती गेल्यावर सात रविवार झाले. मागच्या खोलीचं दार त्याने लोटून घेतलं होतं. दुकानांचे फोन यायचे आणि तो जायचा. कुठे तार निखळलेली, कुठे कीबोर्डवर चहा सांडलेला. लोक बोलायचे, बसवून घ्यायचे. त्याला बरं वाटायचं. मुलगी परगावी शिक्षिका होती. ती रोज फोन करायची आणि रोज तेच म्हणायची, "बाबा, ती दुकानं कुठल्यातरी कंपनीला देऊन टाका आणि माझ्याकडे या. आई नाही तर प्रोग्रॅम कोण बघणार?"

"चाललंय की सगळं," तो म्हणायचा. दुकानं दिली तर सकाळी उठून जायचं कुठे, हे तो मुलीला सांगत नव्हता.

आठव्या आठवड्यात लाँड्रीत गोंधळ झाला.

एक गृहस्थ आले. म्हणाले, कपडे तयार असल्याचा निरोप आलाय. पावती सापडत नव्हती, पण निरोपातला नंबर होता, चौदा. बाईंनी चौदा नंबरचा करडा कोट काढून दिला. गृहस्थांनी कोट अंगावर चढवला, आरशात पाहिलं आणि खुशीत निघून गेले. तासाभराने एक तरुण बाई चौदा नंबरची पावती घेऊन हजर. कोट तिच्या वडिलांचा होता. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं, त्या गृहस्थांनी चार महिन्यांपूर्वी पडदे टाकले होते आणि तेव्हाच नेलेही होते. संध्याकाळपर्यंत अशी अकरा माणसं येऊन गेली. शाळेचा गणवेश एका म्हाताऱ्या वकिलाच्या नावावर निघाला.

"कोट बसला कसा पण त्यांना?" त्याने विचारलं.

"झक्कास बसला," बाई म्हणाल्या. "फोन केला तर म्हणतात, मला वाटलं माझाच आहे, जरा सैल झालाय एवढंच. आता काढायला तयार नाहीत. काका, हसू नका. माझी इतक्या वर्षांची अब्रू चाललीय."

त्याने प्रिंटर उघडला आणि फुंकर मारली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तारा काढून घातल्या. पण नवीन पावती निघाली ती जुन्याच कुणाच्यातरी नावाने. शेवटी त्याने हात टेकले. "बाई, काही दिवस वहीत लिहा," तो म्हणाला आणि घरी आला. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "बोलव तुझ्या कंपनीवाल्याला."

कंपनीचा माणूस बुधवारी आला. पस्तिशीचा, गळ्यात टाय. मागच्या खोलीत बसल्याबरोबर त्याने टाय खांद्यावरून पाठीवर टाकला, जेवायला बसल्यासारखा, आणि कामाला लागला. हा शेजारी स्टुलावर बसला. अर्ध्या तासाने टायवाला म्हणाला, "काका, ताईंचं काम फार स्वच्छ आहे हो. माझी पहिली नोकरी होती तेव्हा एका छापखान्यात अडकलो होतो. कुणीतरी ताईंचा नंबर दिला. ओळख ना पाळख, दोन तास फोनवर समजावलं. मधून मधून गाढवही म्हणाल्या."

"म्हणायची," तो म्हणाला. "आवडत्या माणसांना."

"पण एक खोट आहे. पावतीचा नंबर चार आकडी ठेवलाय. नऊ हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुढे जागाच नाही. प्रोग्रॅम पुन्हा एकपासून सुरू करतो, आणि एक नंबरवर जुनंच गिऱ्हाईक बसलेलं असतं. लाँड्रीत तेच झालं."

"मग आजपर्यंत कसं झालं नाही?"

टायवाल्याने पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली. "हे बघा. दर रविवारी साडेनऊ ते साडेअकरा कुणीतरी प्रत्येक दुकानात शिरतं, आकडे कुठवर आलेत बघतं, जवळ आले असतील तर जुनी गिऱ्हाइकं एकेक तपासून बाजूला काढतं आणि नंबर मोकळे करतं. सगळं हाताने. तेवीस दुकानं, पंधरा वर्षं."

तो यादीकडे बघत राहिला. तारखा आणि वेळा, खाली खाली जात असलेल्या.

"तीनच रविवार चुकलेत," टायवाला म्हणाला.

पहिला मुलीच्या लग्नाचा. दुसरा शहराची वीज गेली होती तेव्हाचा. तिसरा त्याला बराच वेळ आठवेना. मग आठवला. त्यानेच हट्ट धरला होता, या रविवारी तळ्यावर जाऊ म्हणून. भांडण झालं होतं. ती आली, पण दिवसभर घड्याळ बघत होती आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. यादीत त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाटे पाचची वेळ होती.

यादीच्या शेवटी दवाखान्यातले रविवार होते. वीस मिनिटं, मग अर्धा तास काही नाही, पुन्हा वीस मिनिटं. अगदी शेवटच्या रविवारी एकोणीस दुकानांनंतर यादी संपत होती. तो रविवार त्याला नीट आठवत होता. "ठेव गं ते आता," तो म्हणाला होता. ती म्हणाली, "चारच राहिलीत." त्याने लॅपटॉप तिच्या हातातून घेऊन मिटला होता.

"लाँड्री यादीत कितवी?" त्याने विचारलं.

"विसावी."

टायवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आकडे पुन्हा तपासले. "त्याने काही फरक पडला नसता काका. लाँड्री तेव्हा सहा हजारांच्याही आत होती. ताई नुसतं बघून पुढे गेल्या असत्या."

"खरं सांगतोस?"

"आकडा आहे इथे. वाचा तुम्हीच."

त्याने चष्मा लावून वाचला. पाच हजार आठशे तीन. खरंच होतं.

चहा झाल्यावर टायवाल्याने विचारलं, "पण चारच आकडे का ठेवले असतील? एवढ्या हुशार बाई."

हे मात्र त्याला माहीत होतं. त्यांचं पहिलं दुकान एका शिंप्याचं. स्वयंपाकघरात बसून तिने प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा याला विचारलं होतं, "अहो, शिंप्याकडे दिवसाला किती कपडे येतात हो?" हा जाऊन दिवसभर शिंप्याच्या बाकावर बसला आणि मोजून आला. दहा. "मग चार आकडे त्याला तीन वर्षं पुरतील," ती म्हणाली होती. "तीन वर्षं हा धंदा टिकला तर पुढचं पुढे बघू." मग धंदा टिकला. शिंपी म्हातारा झाला, त्याने दुकान मिटलं, पण त्याचाच प्रोग्रॅम वाढत वाढत तेवीस दुकानांत गेला. म्हणजे तो दहाचा आकडा यानेच आणला होता.

टायवाला हसला. मग टाय सरळ करत म्हणाला, "आता कंपनीचं बोलतो. सगळी दुकानं आम्हाला द्या, आम्ही ताईंचा प्रोग्रॅम काढून आमचा बसवतो. दुसरा रस्ता म्हणजे आकडे वाढवायचे. सहा केले की तुमच्या नातवंडांनाही पुरतील. तो बदल मी आज दुपारी करून देतो, कंपनीला न सांगता. पण तो प्रत्येक दुकानात बसवताना दुकान एक पूर्ण दिवस बंद ठेवावं लागेल. आत असलेली एकेक वस्तू हातात घेऊन जुन्या नंबराशी ताडून बघावी लागेल. एवढा वेळ आमचा कुठलाच माणूस देणार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर दर रविवारची फेरी. चष्मेवाले साडेनऊ हजारांवर आलेत. एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर गेला तर निस्तरायला लाँड्रीपेक्षा जड जाईल. डॉक्टरीणबाईंकडे तर विचारूच नका."

तो उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला. दुकानं राहतात की जातात, ते आता त्याच्यावर होतं. त्याला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एका जागी बसून मोजणं त्याला येत होतं.

"रविवारचं मला शिकव," तो म्हणाला.

टायवाला पुढच्या रविवारी आला, आणि त्याच्या पुढच्याही. याने सगळं कागदावर उतरवून घेतलं, आधी हे दाबायचं, मग ते बघायचं, हे विचारलं तर नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी एका छापखान्यातच तासभर गेला. टायवाला जांभया देत होता. "काका, ताईंना यासाठी पाच मिनिटं लागायची."

"तिने पंधरा वर्षं घेतली शिकायला. मला आत्ताशी एक तास झालाय."

मुलीला त्याने फोनवर सांगितलं, दुकानं देणार नाही. ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही प्रोग्रॅमर?"

"छे गं. मी मोजतो."

"आणि जेवता का वेळेवर?"

"रविवारी उशीर होतो," तो म्हणाला, "आईसारखाच." आई गेल्यापासून मुलगी पहिल्यांदाच आईचं नाव निघाल्यावर हसली.

आता दुकान बंद ठेवायला सांगायचं होतं, आणि खरं घोडं इथेच पेंड खात होतं. तारा ओढायला सांगा, छपरावर चढायला सांगा. पण लोकांकडे काही मागायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तो दोनदा लाँड्रीपर्यंत जाऊन रिळांची चौकशी करून परत आला. तिसऱ्यांदा बाईंनीच विचारलं, "काका, पोटात काहीतरी आहे तुमच्या. ओका."

त्याने सांगितलं. एक दिवस. पूर्ण.

बाई इस्त्री उभी करून त्याच्याकडे बघत राहिल्या. "थांबा. ताई एकदा आल्या होत्या, तीनचार वर्षं झाली. बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, रविवार सोडून तुमचं दुकान कधी एखाद दिवस बंद असतं का हो? मी म्हटलं, ताई, हे दुकान मी मेल्यावरच बंद होईल. तर चहा अर्धा ठेवून गेल्या. मला वाटलं, माझं काही चुकलं."

"बंद ठेवा म्हणूनच आली असेल."

"मग तोंड उघडायचं की नाही? ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? पंधरा वर्षं माझं दुकान सांभाळलं आणि एक दिवस मागायला लाजल्या." बाईंनी नाक पुसलं आणि लगेच सुरात बदल केला. "रविवारी तुमची फेरी असते. सोमवार नाही मिळायचा. शनिवारी तर लोक माझं डोकंच खातील. गुरुवारी हॉटेलच्या चादरी येतात. मंगळवार घ्या. पण दारावरची पाटी तुम्ही लिहा. नुसतं 'बंद' लिहिलंत तर लोकांना वाटेल मी गेले."

त्याने पाटी लिहिली: आज मोजणी चालू आहे. बाई ठणठणीत आहेत. उद्या या.

मंगळवारी सकाळी आठला शटर अर्धं खाली ओढून दोघं बसले. त्याने टायवाल्याने दिलेला बदल कागदावर लिहिल्याप्रमाणे एकेक करून बसवला. एका ठिकाणी अडलं. त्याने फोन केला. टायवाला कुठल्यातरी मीटिंगमध्ये होता. कुजबुजत म्हणाला, "हो म्हणा त्याला, हो." त्याने हो म्हटलं. गाडी पुढे गेली.

मग मोजणी. तो पडद्यावरून वाचायचा, बाई दांड्यांवरून हात फिरवत शोधायच्या.

"तीन हजार दोनशे आठ. निळा शर्ट, दोन पँट."

"आहे."

"तीन हजार दोनशे नऊ. करडा कोट."

"आहे. हा तोच, सैल झालेला. मोठ्या मुश्किलीने मिळवून नव्या नंबराने पुन्हा धुतलाय."

"तीन हजार दोनशे दहा. पांढरा झगा, बाह्यांना जाळी."

"हा बघा. ही पोरगी लग्नानंतर न्यायलाच आली नाही. नवरा बरा नसेल."

"किंवा फारच बरा असेल," तो म्हणाला.

बाई हसायला लागल्या. तोही हसला, आणि आपण हसतोय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. दुपारी त्यांनी डब्यातलं खाल्लं. पाठ दुखत होती, बोटांना वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. दारातून कुणी डोकावलं की बाई ओरडायच्या, "पाटी वाचा." संध्याकाळी पाचपर्यंत तीनशे सत्याऐंशी कपडे झाले. आठ कपड्यांचा काही मेळ लागला नाही. ते वेगळ्या दांड्यावर टांगले आणि बाईंनी वर चिठ्ठी लावली, बेवारशी. नंतर त्याने पहिली नवी पावती काढून बघितली. नंबर सहा आकडी, नाव बरोबर. बाईंनी ती घडी करून स्वतःच्या पाकिटात ठेवली.

"ताईंना सांगा, काम झालं म्हणून," त्या म्हणाल्या.

"सांगतो," तो म्हणाला. या वेळी त्याला तसं म्हणताना काही जड गेलं नाही.

आता तो रविवारी चहाचा दुसरा कप घेऊन मागच्या खोलीत बसतो. तिला दोन तास लागायचे, त्याला उरकेपर्यंत दुपारचे तीन वाजतात. चष्मेवाल्यांचे आकडे त्याने दोनदा मोकळे केले, एकही चष्मा चुकीच्या नाकावर गेला नाही. डॉक्टरीणबाईंच्या दुकानात तो शिरतो तेव्हा श्वास रोखून धरतो. अधूनमधून चुकतो, मग टायवाल्याला फोन लावतो आणि टायवाला त्याला गाढव म्हणायचं धाडस अजून करत नाही.

लाँड्री सहा आकड्यांवर गेली आहे. चष्मेवाल्यांनी पुढच्या महिन्यातला एक गुरुवार दिला आहे. बाकीच्या एकवीस दुकानांना दिवस मागायचा राहिला आहे.